श्रीकैलास-मानससरोवर : भूमीचा परिचय

श्रीकैलासाचे प्रथम दर्शन होताच महाराष्ट्रातील भाविकास सह्याद्रीचे स्मरण होते. तेच काळसर कडे, तेच आडवे पट्टे, तीच पायऱ्यापायऱ्यांची रचना. यावरून कैलास हा शांत झालेला ज्वालामुखी असावा, असा पुष्कळांचा समज होतो व तसे सांगितलेही जाते. तो समज यथार्थ नाही.

सह्याद्रीचे थर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे आहेत. कैलासाचे थर मात्र नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे व वाटोळ्या गोट्यांचे असून ते सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी साचले आणि दाबाने एकजीव झाले. एके काळी खोऱ्याच्या तळाशी असलेले हे गोटे आज ६,६३८ मीटर उंचीच्या शिखरात आहेत. त्यांच्याखाली ग्रॅनाइटचे जुने अधिष्ठान आहे. परिक्रमेत डेरापूकहून डोल्मा खिंडीकडे चढताना यात्रेकरू त्या ग्रॅनाइटवरूनच चालत असतो.

ऑगस्ट गान्सर या स्विस भूवैज्ञानिकाने १९३६ साली यात्रेकरूचा वेष घेऊन, हत्यारे झग्याखाली लपवून ही परिक्रमा केली. कैलासाच्या दक्षिणेस त्यास सागरतळाचे खडक आढळले. भारतभूमी उत्तरेकडे सरकत आली, मधला सागर लोपला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड एकमेकांस भिडले, त्याच सांध्याची ही खूण होय. त्या रेट्याने तिबेटखालील भूकवच दुपटीने जाड होऊन पठार उचलले गेले. भारतभूमीची उत्तरेकडील वाटचाल आजही थांबलेली नाही.

मात्र उंच रचलेली धान्याची रास जशी कडेने ओसरते, तसे हे पठार पूर्व-पश्चिम ताणलेही जात आहे. ताणामुळे भूमीस ज्या भेगा पडून एक बाजू खचते, त्यांस प्रस्तरभंग म्हणतात. मानससरोवराच्या दक्षिणेचा ७,६९४ मीटर उंचीचा गुर्ला मांधाता अशाच प्रस्तरभंगामुळे खोल भूगर्भातून वर आला. लिपुलेख खिंडीने तकलाकोटास उतरणारा यात्रेकरू त्याच्या पश्चिम पायथ्याशी, म्हणजे या भंगरेषेच्या परिसरातच मुक्काम करतो. ७ जानेवारी २०२५ रोजी येथून पुष्कळ पूर्वेस, सागरमाथ्याच्या उत्तरेकडील डिंगरी भागात अशाच ताणामुळे मोठा भूकंप झाला. त्यात १२० हून अधिक माणसे दगावली.

ज्वालामुखी या पठारावर मुळीच नाहीत असे नव्हे. पठाराच्या वायव्य टोकास, कुनलुन पर्वतात त्यांची मुखे आहेत व तेथे १९५१ साली उद्रेक झाल्याची नोंद आहे. तथापि ते स्थान कैलासापासून शेकडो किलोमीटर दूर आहे.

कैलास परिसरात भूगर्भाची उष्णता प्रकट होते ती उष्णोदकाच्या कुंडांतून. मानससरोवराच्या वायव्येस च्यू गोंपाजवळ व सतलजतीरी तीर्थपुरी येथे अशी कुंडे आहेत. भेगांतून खोल गेलेले पाणी तापून वर येते आणि येताना विरघळलेला चुना बाहेर टाकते. तीर्थपुरीची जी शुभ्र भूमी भाविक भस्मासुराची राख मानतात, ती याच चुन्याची होय. पाणी अतिशय कढत असते व पांढरा पापुद्रा काही ठिकाणी आतून पोकळ असू शकतो. यास्तव यात्रेकरूंनी मळलेली वाट सोडू नये, आणि हाताने अंदाज घेतल्यावाचून कुंडात पाय घालू नये.