कोळशाची वाट आणि पथकर

नांदुऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून फाटा निघाला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली व कोळशाचे केंद्र चंद्रपूर-बल्लारपूरकडे सरकले. या तिन्ही गावांना जोडणारा रस्ता अलीकडे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर सुधारण्यात आला. उद्योजकाने भांडवल घालावे, पथकरातून ते ठराविक मुदतीत वसूल करावे, नंतर रस्ता शासनाच्या स्वाधीन करावा, अशी ही पद्धत आहे.

मात्र पथकर म्हणजे जादा भार लादण्याचा परवाना नव्हे. आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. भार २० टक्क्यांनी वाढल्यास ती दुपटीवर जाते. (गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब वर्गात अवश्य मांडावा.) पथकर चुकविणारे मालमोटारचालक गावरस्त्यांवर वळले, तर हलक्या वाहतुकीसाठी बांधलेल्या त्या रस्त्यांच्या दुरुस्तीचा खर्च जिल्हा परिषदेवर पडतो.