‘मंगूस’ : मराठीने इंग्रजीला दिलेला शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ‘मंगूस’ या शब्दाचे अनेकवचन विचारले, तर तो पुष्कळदा ‘मंगीस’ असे सांगतो. बदकाहून मोठ्या असलेल्या ‘गूस’ या पक्ष्याचे अनेकवचन ‘गीस’ होते; तेव्हा येथेही तसेच व्हावे, असा त्याचा तर्क असतो. हा तर्क चुकीचा आहे. शुद्ध रूप ‘मंगूसेस’ असे आहे. कारण या शब्दाचा त्या पक्ष्याशी काडीमात्र संबंध नाही. आपल्या मराठीतील ‘मुंगूस’ या शब्दाचेच ते इंग्रजी रूप होय.

संस्कृतात या प्राण्यास ‘नकुल’ म्हणतात व हिंदीतील ‘नेवला’ त्यापासूनच आला. मराठी शब्दाचे नाते मात्र दक्षिणेकडील भाषांशी आहे. कन्नडातील ‘मुंगुसि’ आणि तेलुगूतील ‘मुंगिस’ ही रूपे पाहिली म्हणजे ते सहज ध्यानी येते. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर आला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा शब्द आढळतो. फ्रेंचमध्ये तोच ‘मांगूस्त’ झाला.

नावामागून प्राणीही परदेशी गेला. उसाचा नाश करणाऱ्या उंदरांच्या बंदोबस्तासाठी १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैका बेटावर नेण्यात आली. तेथून १८८३ मध्ये ती हवाई बेटांवर पोहोचली. परंतु उंदीर मुख्यत्वे रात्री हिंडतो, तर मुंगूस दिवसा. शिवाय मुंगूस केवळ उंदरांवर भागवीत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व पिले त्याने फस्त केली. उपकारक म्हणून नेलेला प्राणी तेथे उपद्रवी ठरला.

आपल्याकडे मात्र तो निसर्गसाखळीचा एक दुवा आहे. उंदीर, कीटक व साप खाऊन तो शेतकऱ्यास साहाय्यच करतो. तरीही रंगकामाच्या कुंचल्यांसाठी लागणाऱ्या केसांपायी त्याची हत्या होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याची शिकार व त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. ज्या भूमीने जगाला या प्राण्याचे नाव दिले, तेथे तो केवळ शब्दकोशात उरू नये, याची काळजी कुंचला विकत घेणाऱ्या प्रत्येकाने घेतली पाहिजे.