गोडी जाते तेव्हा

चि. धाकटीस,

परवा फोनवर म्हणालीस, ‘हापूसची पेटी येऊन पडलीय, पण उघडावीशीच वाटत नाही.’ रडली असतीस तर मला एवढी काळजी वाटली नसती. वर म्हणे, ‘सगळं चांगलं असून असं होतं, मीच कृतघ्न!’ ते आधी डोक्यातून काढ.

तू 47 ची. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते, पण त्याआधी काही वर्षं शरीरातलं इस्ट्रोजेन कधी चढतं, कधी एकदम कोसळतं. मेंदूतल्या सेरोटोनिनशी त्याचा संबंध असल्याने मनही ठिकाणावर राहत नाही. त्यात रात्री अंगातून वाफा, घामाने भिजलेली उशी. झोपच नाही त्याला आंबा काय गोड लागणार? धाकट्याच्या बाळंतपणानंतरही तू अशीच खचली होतीस. तेव्हा ज्यांना तो त्रास झाला, त्यांना या वयात पुन्हा होण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना हे आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही.

थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह तपासून घे. हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढताच दचकू नकोस. 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळे सगळ्यांनीच या गोळ्यांचा धसका घेतला, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. तुझं गणित निराळं. मात्र स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना त्या सहसा देत नाहीत, तेव्हा भिशीतल्या मैत्रिणीच्या सल्ल्याने सुरू करू नकोस. मनासाठी वेगळं औषध किंवा समुपदेशन सुचवलं तर तेही घे. त्यात कसली आलीय लाज?

‘मन रमव, देवाधर्माचं कर’ असं सांगणारे भेटतील. मी स्वतः भजनाला जाते, पण भजनाने थायरॉईड उतरत नाही. उत्साहाची वाट मात्र बघत बसू नकोस. संध्याकाळी शेजारणीला घेऊन अर्धा तास चाल, नाही आवडलं तरी चाल. जावईबापूंना स्पष्ट सांग, नाहीतर तू रुसलीयस असंच ते समजतील.

आणि जगणंच नको वाटलं तर घरच्यांना उठव, नाहीतर 14416 ला फोन लाव. टेली-मानसची ती सरकारी सेवा फुकट आहे, मराठीतही बोलतात.

एखाद्या डॉक्टरने ‘वय झालं, होतंच असं’ म्हणून वाटेला लावलं, तर सरळ दुसरीकडे जा. एकटीने जाववत नसेल तर कळव, मी येते.

तुझी,
मावशी