तापलेलं शटर आणि उष्णतेचा धडा



सातवीच्या विज्ञानात वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवताना आपण सगळे ठरलेली उदाहरणं देतो. गरम दुधातला चमचा, उकळणारं पाणी आणि सूर्य. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, विषय संपतो. मीही इतकी वर्षं तेच केलं. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मात्र हा धडा मला नव्याने शिकावा लागला, आणि तोही आमच्याच घरच्या गॅरेजमध्ये.

आम्ही नागपूरला राहतो. घर बांधताना खाली मोटारीसाठी गॅरेज काढलं होतं, पण मोटार काही आली नाही. मग तिथे सतरंज्या टाकल्या आणि गल्लीतल्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. दहा-बारा मुलं येतात. तीन बाजूंना विटांच्या भिंती, डोक्यावर स्लॅब आणि त्यावर आमचं घर, मागे एक खिडकी आणि घरात जायचं दार. समोर लोखंडी शटर, नेमकं पश्चिमेला. रस्त्यावरची धूळ आणि गाड्यांचे हॉर्न नकोत म्हणून आम्ही शटर लावूनच बसायचो.

परीक्षेचे दिवस होते. दुपारी चारच्या सुमाराला शटरजवळ बसलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, डोकं दुखतंय, मळमळतंय." मी भिंतीवरचा तापमापक पाहिला. ३८ अंश. बाहेर व्हरांड्यात ३९ होते. मी म्हटलं, "बाहेरच्यापेक्षा इथे कमीच आहे गं, अभ्यास टाळायला कारणं नकोत." अर्ध्या तासात तिला उलटी झाली. आत नेऊन झोपवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, आईला बोलावलं. आई म्हणाली, "तीन दिवस झाले सांगतेय ती, मलाही वाटलं नाटकंच." म्हणजे घरी आईने ऐकलं नाही आणि इथे मी. माझ्या हातात तर मोजलेला आकडा होता, त्यामुळे मी जास्तच ठाम होते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी शटरला आतून हात लावला. ठेवता येईना. शाळेतला प्रयोगशाळेचा तापमापक आणून त्याचा फुगा शटरला टेकवला आणि वरून कापसाचा बोळा चिकटवला. आकडा ५६ वर गेला.

आता कोडं सुटलं. भिंतीवरचा तापमापक हवेचं तापमान सांगत होता आणि ते खरंच ३८ होतं. पण त्या मुलीला त्रास हवेने दिला नव्हता, शटरने दिला होता. होळीसमोर उभं राहिलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, दोन्हीकडची हवा जवळपास सारखीच असली तरी. ती प्रारणाची उष्णता. ५६ अंशांचं सात चौरस मीटरचं शटर म्हणजे एक मंद, न दिसणारी होळीच. मागच्या भिंतीपाशी बसलेल्या मुलांना तिची झळ फारशी लागत नव्हती, म्हणून तक्रार करणारी ती एकटीच. त्यात ३८ अंशांच्या हवेत शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाखेरीज मार्ग उरत नाही, कारण हवाच त्वचेपेक्षा गरम असते.

यानंतर मी जे केलं ते सांगायला जरा संकोच वाटतो. थर्माकोलचे तक्ते आणले आणि सरळ शटरच्या पट्ट्यांना चिकटवायला घेतले. चिकटवायला चपलांना लावतात तो रबरी डिंक. पाच मिनिटांत थर्माकोलला खड्डे पडायला लागले, कारण त्या डिंकातला द्रावक थर्माकोल विरघळवतो. मग फेविकॉल आणलं. रात्रभर छान वाळलं. सकाळी शटर वर ओढलं तर कडकड आवाज करत सगळे तक्ते मोडले, पांढरे मणी घरभर उडाले आणि शटर अर्ध्यावर अडकलं. शटर वर जाऊन गुंडाळी होतं, त्याला चिकटवलेला ताठ तक्ता कसा गुंडाळला जाईल? एवढी साधी गोष्ट विज्ञानाच्या शिक्षिकेच्या डोक्यात आली नाही.

मिनेसोटात राहणाऱ्या मामेबहिणीला फोन केला. तिकडे जानेवारीत उणे वीसच्या खाली जातं, गॅरेज घराला लागूनच असतं, त्यामुळे गॅरेजच्या दाराला उष्णतारोधक थर देणं ही तिथली रोजची बाब. पण त्यांची दारं वेगळी. चार-पाच आडवे रुंद भाग बिजागऱ्यांनी जोडलेले असतात आणि दार रुळांवरून सरकत छताखाली आडवं होतं. गुंडाळत नाही, म्हणून प्रत्येक भागात फोम भरता येतो. घरच्या घरी थर बसवायचे संचही मिळतात. ती म्हणाली, "पण वजन वाढलं की स्प्रिंगचा तोल जातो, तो जाणकाराकडूनच नीट करून घ्यायचा. ती स्प्रिंग प्रचंड ताणलेली असते, हात लावायचा नाही." तिकडच्या दारावर रोधाचा आकडाही छापलेला असतो, त्याला 'आर' म्हणतात. मोठा आकडा म्हणजे उष्णतेला जास्त अडथळा. मात्र तो बहुतेक वेळा पाटीच्या मधल्या भागाचा असतो, कडेच्या फटींचा नव्हे. हे विकणारा सांगत नाही, असंही तिने ऐकवलं.

या 'आर'नेच मला वर्गासाठी चांगला पाठ दिला. मोठ्या वर्गांना विजेचा रोध माहीत असतो. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, तशीच उष्णतेच्या रोधाचीही होते. एखाद्या थराचा रोध म्हणजे त्याची मीटरमधली जाडी भागिले त्याची उष्णतावाहकता. लोखंडी पत्र्याची वाहकता साधारण ५०, थर्माकोलची सुमारे ०.०३६. शटरचा पत्रा १ मिलिमीटर धरा. रोध आला ०.००००२, म्हणजे नसल्यातच जमा. २५ मिलिमीटर थर्माकोलचा रोध येतो जवळपास ०.७. (अमेरिकन आकडा हवा असेल तर याला ५.६८ ने गुणा, साधारण ४ येतो.) मुलांना विचारा, एवढ्याशा थर्माकोलइतका रोध मिळवायला लोखंड किती जाड लागेल? उत्तर येतं ३५ मीटर! दहा मजली इमारत आडवी घालावी एवढं. फळ्यावर हे उत्तर आलं तेव्हा दोघांनी "मॅडम, दशांश चिन्ह चुकलं" म्हणून पुन्हा गणित केलं.

मग उघड्या शटरने किती उष्णता खोलीत येते? आतल्या पृष्ठभागाजवळच्या हवेचा आणि प्रारणाचा मिळून रोध ०.१३ धरतात. शटर ५६, खोली ३८, फरक १८. १८ भागिले ०.१३, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १३८ वॅट, आणि सात चौरस मीटरला साधारण ९७०. बंद खोलीत दुपारभर एक इस्त्री चालू ठेवल्यासारखं. थर्माकोलचा थर मध्ये आला की रोध ०.८३ होतो. शटर थोडं जास्त तापून ५८ झालं असं धरलं तरी आत येतात फक्त १७० वॅटच्या आसपास. हे गणित ढोबळ आहे, फटी यात धरलेल्या नाहीत. पण कुठे पैसे घालायचे ते कळायला पुरेसं आहे.

थर्माकोल कसा बसवायचा याचा विचार चालू असतानाच सातवीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ऊन शटरवर पडूच नाही दिलं तर?" मी गप्पच झाले. आमच्या आजीच्या काळापासून विदर्भात हेच करत आले आहेत. बांबूच्या दोन ताट्या आणल्या आणि शटरच्या बाहेर हातभर अंतर सोडून बांधल्या. अंतर महत्त्वाचं, कारण तापलेल्या ताटीमागची हवा वर निघून जायला वाट हवी. दुसऱ्या दिवशी चार वाजता शटर ४३. वाळ्याच्या असत्या आणि त्यांवर पाणी मारलं असतं तर अजून उतरलं असतं, पण त्या महाग पडतात. माझं आता स्पष्ट मत आहे, उन्हाळ्यापुरताच प्रश्न असेल तर आधी बाहेरून सावली करा. पत्र्यात शिरलेली उष्णता आतून अडवण्यापेक्षा ती शिरूच न देणं कधीही स्वस्त.

मग आतला थर कशाला? डिसेंबरसाठी. आमच्याकडे थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि मुलं शाळेआधी साडेसहाला येतात. तेव्हा सावलीचा काही उपयोग नाही. तेच शटर आता उलटं काम करतं. मुलांच्या अंगातली उष्णता प्रारणाने गार पत्र्याकडे जाते आणि शटरखालच्या फटीतून गार हवा जमिनीलगत आत सरकते. सतरंजीवर बसलेल्या मुलांचे पाय आधी गारठतात.

दिवाळीच्या सुट्टीत सुतारदादांकडून काम करून घेतलं. शटरच्या आतल्या बाजूला तीन इंच जागा सोडून लाकडी चौकट, तिला बिजागऱ्यांवर उघडणारी दोन हलकी दारं. प्रत्येक दारात रिपांच्या मध्ये २५ मिलिमीटर थर्माकोल, खोलीच्या बाजूने प्लायवूड आणि शटरच्या बाजूने चकचकीत अॅल्युमिनियमचा पातळ कागद. हा कागद त्याच्यावर पडणारं बहुतेक प्रारण परत पाठवतो, पण त्याच्यासमोर हवेची जागा असेल तरच. पत्र्याला चिकटवला तर तो निव्वळ एक सुवाहक होऊन बसतो. आणि धूळ साचली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून महिन्यातून एकदा पुसायचा. खालच्या फटीसाठी जुन्या पँटचा पाय कापून त्यात वाळू भरली आणि दोन्ही टोकं शिवली. सगळ्यात कमी खर्चाचा आणि हिवाळ्यात सगळ्यात जास्त जाणवणारा उपाय तोच.

यंदा एप्रिलमध्ये मुद्दाम एक दिवस ताट्या काढून मोजलं. मुलं गोंधळली, कारण शटर ५८ वर गेलं होतं. "मॅडम, उपाय केला आणि शटर जास्त तापलं?" मी उत्तर दिलं नाही, आतल्या प्लायवूडवर तापमापक लावायला सांगितलं. ४१. मग त्यांनीच सांगितलं की पत्र्यातली उष्णता आत जाऊ शकत नाही म्हणून तिथेच अडकली आहे.

वर्गात करण्यासारखा प्रयोग

मुलांना आधी विचारा, बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक उघडा आणि एक लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला, आधी कोणता वितळेल? बहुतेक हात स्वेटरच्या बाजूने वर जातात, कारण "स्वेटर गरम असतो". करून बघू द्या. बर्फाच्या लादीवर गोणपाट आणि लाकडाचा भुसा का टाकतात हे मग त्यांना सांगावं लागत नाही.

त्यानंतर दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. एकाला आतून सगळ्या बाजूंनी थर्माकोल लावा, झाकणात भोक पाडून तापमापक बसवा आणि दोन्ही उन्हात ठेवा. दर पाच मिनिटांनी नोंद, अर्ध्या तासाने दोन्ही सावलीत, पुन्हा नोंदी. आलेख काढला की दिसतं, थर्माकोलचा डबा उशिरा तापतो, पण गारही उशिरा होतो. आमच्या अभ्यासिकेतही तसंच होतं. संध्याकाळी बाहेर गार झालं तरी आतली उष्णता कोंडलेली राहते, म्हणून सातला आतली दारं आणि शटर दोन्ही सताड उघडतो.

काही गोष्टींत पालकांनी काटेकोर राहावं. थर्माकोल पेट घेतो आणि त्याचा धूर वाईट असतो, म्हणून तो उघडा ठेवू नका आणि जवळ दिवा किंवा विजेचा बोर्ड नको. पेट्रोलने तो विरघळतो, म्हणून आमची स्कूटर आता अंगणात उभी असते. ज्यांच्या गॅरेजमध्ये गाडी असते त्यांनी बंद दाराआड इंजिन मिनिटभरही सुरू ठेवू नये, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. आणि थंडी-ऊन अडवायच्या नादात खिडकी बुजवू नका. बसलेलं एक मूल साधारण ७० ते १०० वॅट उष्णता देतं, बारा मुलांची मिळून एक इस्त्री इथेही झालीच, शिवाय श्वासाची हवा वेगळी. आमची मागची खिडकी कायम उघडी असते, आणि मागचं दार मुलांना सहज उघडता येतं याची मी रोज खात्री करते.

आता शटर बाहेरून पांढरं रंगवायचं आहे. त्यावर नववीतल्या मुलीने, हो, तीच मुलगी, शंका काढली की पांढऱ्या रंगाने हिवाळ्यात जास्त गारठा होईल का. पश्चिमेच्या शटरवर पहाटे साडेसहाला ऊन कुठून येणार, म्हणून त्या वेळी रंगाने फरक पडू नये, असं माझं म्हणणं. ती म्हणते, मोजल्याशिवाय कसं सांगता? रंगाचं काम मे महिन्यात काढलंय. डिसेंबरचे आकडे तीच घेणार आहे, आले की इथे जोडते.