पीएलसी घेताय? आधी पॉवर आणि पॅनल समजून घ्या



पाऊच पॅकिंग मशीनच्या व्हिडिओत पीएलसीचा विषय घाईत उरकला, म्हणून आज निवांत बोलू. पीएलसी म्हणजे मशीनचा मेंदू. सेन्सरकडून सिग्नल घ्यायचा आणि प्रोग्रॅमप्रमाणे मोटर, हीटर, व्हॉल्व्ह चालू-बंद करायचे, हे त्याचं काम.

माझ्या दुकानात येणारे एक मसालेवाले आहेत. त्यांचा पीएलसी तीन महिन्यांत जळाला. नवा बसवला, तोही गेला. ऐन सीझनमध्ये मशीन बंद! शेवटी वायरमनने मेन बोर्ड उघडला, तर न्यूट्रल ढिला. थ्री फेज लाइनमध्ये न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या वस्तूवर ४०० च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतं. म्हणजे दोष पीएलसीचा नव्हताच.

मी बीबीए झालेला दुकानदार, इलेक्ट्रिशियन नाही. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. पण पॅनलचं कोटेशन हातात आलं की काय विचारायचं, हे मालकाला कळलंच पाहिजे.

१) पॉवर कुठून घेणार?
कंट्रोल सर्किटला वेगळा एमसीबी हवा. न्यूट्रलचा भरवसा नसेल तर दोन फेजवर चालणारा ४१५/२३० व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावता येतो. सोबत जास्त व्होल्टेज आलं की लाइन तोडणारा रिले आणि सर्ज प्रोटेक्शन आहे का, तेही विचारा.

२) एसएमपीएस किती अँपियरचा?
बरेच पीएलसी २४ व्होल्ट डीसीवर चालतात. हिशोब सोपा आहे. समजा पीएलसी ०.५, स्क्रीन ०.५, सेन्सर ०.२ आणि चार व्हॉल्व्ह ०.८ अँपियर घेतात. बेरीज झाली २ अँपियर. त्यावर ३० टक्के जादा धरा, म्हणजे २.६. मग २.५ चा घेऊन काटकसर करू नका, सरळ ५ चा घ्या.

३) बसवणार कुठे?
धूळ आत जाणार नाही असं बंद पॅनल हवं. बहुतेक पीएलसी ५५ अंशांपर्यंत चालतात, पण हे तापमान पॅनलच्या आतलं धरायचं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते किती होईल, तुम्हीच विचार करा! पीएलसीच्या वर-खाली मॅन्युअलमध्ये दिलेली मोकळी जागा सोडा. ट्रान्सफॉर्मर आणि हीटरचे रिले त्याच्या खाली नकोत, गरम हवा वर जाते.

४) वायरिंग कसं?
मोटरच्या आणि सेन्सरच्या वायरी एकाच पट्टीतून नेऊ नका. एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. डीसी कॉइलवर डायोड लावलाय का बघा, कारण कॉइल बंद होताना उलटा झटका देते. अर्थिंग तर पक्कं हवंच.

५) इमर्जन्सी स्टॉप
इथे प्रश्न पैशाचा नाही, माणसाच्या हाताचा आहे. लाल बटण फक्त प्रोग्रॅममध्ये जोडलेलं चालणार नाही. पीएलसीच्या आउटपुटचा रिले चिकटला तर प्रोग्रॅम काहीच करू शकत नाही. बटण दाबताच मोटर आणि हीटरची लाइन वायरिंगमधूनच तुटली पाहिजे. तसंच लाइट जाऊन परत आली तरी कोणी स्टार्ट दाबल्याशिवाय मशीन सुरू होता कामा नये. लाइट गेली म्हणून कामगार अडकलेलं पाऊच काढायला जबड्यात हात घालतो आणि तेवढ्यात लाइट येते. पुढचं सांगायला नको.

आजचा होमवर्क: मशीनची डिलिव्हरी घेण्याआधी विक्रेत्यासमोर दोन गोष्टी करून बघा. चालू मशीनवर लाल बटण दाबा. मग मेन बंद करून पुन्हा चालू करा. या दोन्हींत मशीन पास झालं, तरच बाकीचं पेमेंट द्या.

कोटेशनमध्ये वरच्या वस्तूंमुळे आकडा वाढेल. पण जळालेला पीएलसी आणि थांबलेली ऑर्डर त्याहून महाग पडते, हे आमच्या मसालेवाल्यांना विचारा!