घातपात : शब्द आणि गुन्हा

रेल्वेचा रूळ उखडलेला सापडला की दुसऱ्या दिवशी पेपरात हमखास एक वाक्य येतं : घातपाताची शक्यता नाकारता येत नाही. पण घातपात म्हणजे नेमकं काय? अपघात नव्हे, आणि रागाच्या भरात केलेली मोडतोडही नव्हे. एखादं काम, यंत्र किंवा व्यवस्था बंद पडावी म्हणून मुद्दाम, बहुधा गुपचूप केलेलं नुकसान म्हणजे घातपात. इंग्रजीत यालाच ‘सॅबोटाज’ म्हणतात.

सॅबोटाज हा शब्द मूळचा फ्रेंच. ‘साबो’ म्हणजे लाकडी जोडा. चिडलेल्या कामगारांनी असे जोडे यंत्रात फेकले, त्यावरून हा शब्द आला, असं सांगतात. गोष्ट झकास आहे, पण तिला पुरावा नाही. जोडे खडखडवत चालणं आणि त्यावरून काम कसंतरी उरकणं, असा त्या क्रियापदाचा अर्थ होता. 1897 मध्ये तुलूझच्या कामगार अधिवेशनात एमिल पूजे यांनी या शब्दाला लढ्याचं हत्यार बनवलं. कल्पना स्कॉटलंडच्या कामगारांची होती : दाम कमी, तर काम कमी. म्हणजे सुरुवातीला यात संथ कामही येत होतं.

कायदा मात्र हेतू आणि धोका बघतो. सिग्नल नजरचुकीने सुटला तर तो निष्काळजीपणा. गाडी घसरावी म्हणून रूळ काढला तर तो गंभीर गुन्हा. आपल्या 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 150 मध्ये त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यात जाणूनबुजून माणसं मारली गेली तर फाशीसुद्धा.

व्याख्या फार सैल केली तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेत दिसलं. तिथल्या वर्णद्वेषी सरकारने 1962 मध्ये घातपाताचा कायदा केला. त्यात बेकायदा प्रवेशसुद्धा घातपात ठरू शकत होता, आणि आपला हेतू तसा नव्हता हे आरोपीनेच सिद्ध करायचं होतं! रिव्होनिया खटल्यात नेल्सन मंडेला यांनी घातपाताची आखणी केल्याचं लपवलं नाही. माणसांचे जीव जाऊ नयेत म्हणूनच हा मार्ग निवडला, असं ते म्हणाले. 1964 मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

म्हणून लक्षात ठेवा : या गुन्ह्याचा जीव हेतूत आहे, आणि हेतू पुराव्याने सिद्ध करावा लागतो, तोही आरोप करणाऱ्याने. पेपरातली ‘शक्यता’ म्हणजे निकाल नव्हे.