शब्दाखाली शब्दार्थ : पाली पाठ आणि मराठी अर्थ संगणकावर कसा मांडावा

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या दृष्टीने हा योग मोठा आहे. आपल्या घरात वंदना पालीत होते आणि बाकी सारे आयुष्य मराठीत चालते. परंतु या दोन भाषा आपल्या मनात एकमेकींच्या शेजारी बसलेल्या आहेत काय? त्रिसरण-पंचशील तोंडपाठ असलेल्या दहावीच्या मुलाला ‘अदिन्नादाना’ या शब्दाचा अर्थ विचारावा. पुष्कळदा तो संपूर्ण शीलाचा अर्थ घडाघडा सांगतो. मात्र त्यातील कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ, हे त्याला सांगता येत नाही.

दोष मुलाचा नाही. आपल्या अनेक वंदना-पुस्तिकांत आधी संपूर्ण पाली पाठ येतो आणि पुढच्या पानावर संपूर्ण मराठी अर्थ येतो. वाचणाऱ्याने दोहोंची सांगड कशी घालावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः पाली शब्दकोशाचे काम केले होते. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या १६ व्या खंडात ते काम छापलेले आहे. त्यात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदीतही दिले आहेत. सामान्य माणसाला पाली शब्द आपल्या भाषेत कळावा, ही दृष्टी त्यामागे दिसते. त्याच दृष्टीने पाठाच्या प्रत्येक ओळीखाली, शब्दाखाली शब्द, मराठी अर्थ मांडणे हे आपले काम आहे. आज ते घरच्या संगणकावर करता येते. ते कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

ही पद्धत जुनी आहे

ओळीखाली अर्थ देण्याची पद्धत संगणकाने आणलेली नाही. ब्रह्मदेशात पाली शब्द आणि त्याला लागून बर्मी अर्थ अशा रीतीने लिहिलेल्या ग्रंथांची मोठी परंपरा आहे. त्यांना ‘निस्सय’ म्हणतात. आपल्याकडे संस्कृत शिकवताना पदच्छेद, अन्वय आणि अर्थ या क्रमाने जाण्याची शिस्त आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पालीचे प्राध्यापक ना. के. भागवत यांनी मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी मालेसाठी पाली ग्रंथ संपादित केले. श्रीलंका आणि ब्रह्मदेशात जाऊन पाली शिकलेले धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी ‘सुत्तनिपात’ मराठीत आणले. पाली देवनागरीत वाचणे आणि मराठीत समजणे या दोन्ही वाटा या विद्वानांनी आपल्यासाठी मोकळ्या केल्या.

आपली खोताची वाडी ज्या गिरगावात आहे, तो परिसर छापखान्यांचा. काळबादेवीला निर्णयसागर, खटाववाडीत मौज. शिशाचे खिळे जुळवणारा कंपोझिटर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची तर तेथेही धातूचा कोरा तुकडा बसवीत असे. एकदा चौकट आवळली की तो तुकडा हलत नसे. त्यामुळे वरच्या शब्दाखाली बसवलेला अर्थ छापून होईपर्यंत तेथेच राही. संगणकावरील मोकळी जागा मात्र अशी घट्ट नसते. सर्व अडचणीचे मूळ येथे आहे.

स्पेसबारने काय बिघडते

बहुतेक जण पाली ओळ टाइप करतात, खालच्या ओळीत येतात आणि अर्थ नेमका शब्दाखाली येईपर्यंत स्पेसबार दाबत राहतात. पडद्यावर सर्व जुळलेले दिसते. पुढे कोणी अक्षर १२ चे १४ करतो, फॉन्ट बदलतो किंवा मोठ्या कागदावरील मजकूर डेमी आकारावर घेतो. देवनागरीत ‘र’ अरुंद आणि ‘क्ख’ रुंद. शिवाय प्रत्येक फॉन्टात ही रुंदी निराळी. त्यामुळे वरची ओळ एका मापाने ताणली जाते आणि खालची दुसऱ्या मापाने. लांब ओळ मोडून खाली आली की एका शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दाखाली जाऊन बसतो.

पत्रिकेत असे घडले तर दिसायला वाईट, एवढेच. वंदनेच्या पुस्तिकेत त्याचे परिणाम निराळे आहेत. दुसऱ्या शीलातील शब्दाचा अर्थ तिसऱ्या शीलाखाली गेला, तर मूल तोच पाठ करील आणि उद्या आपल्या मुलांना तोच शिकवील. पुस्तिका पाचशे घरांत गेल्यावर ती परत कशी मागवणार? छापलेल्या शब्दावर आपल्या माणसांचा विश्वास असतो. म्हणून ध्यानात ठेवण्याचे सूत्र एकच : अर्थ कागदावरील जागेला बांधू नये, तो शब्दाला बांधावा.

टॅबची कळ स्पेसबारपेक्षा बरी. पण शब्द टॅबच्या खुणेपेक्षा लांब झाला की पुढचा मजकूर एक खूण पुढे उडी मारतो. खात्रीचा उपाय म्हणजे टेबल, अर्थात तक्ता. बँकेच्या खतावणीत नावेची रक्कम जमेच्या रकान्यात घसरत नाही, कारण तिला स्वतःचा रकाना असतो. तसाच रकाना प्रत्येक पाली शब्दाला द्यावा.

तक्ता कसा करावा

१. प्रथम कागदाचा आकार ठरवावा. पुस्तिका डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचात छापायची असेल तर टाइप करण्यापूर्वीच पानाचे तेच माप द्यावे.

२. संपूर्ण गाथा एका ओळीत घेऊ नये. अनुष्टुभ धाटणीच्या गाथेत साधारण आठ-आठ अक्षरांची चार पदे असतात आणि एका पदात बहुधा दोन ते चार शब्द. एका पदाला एक तक्ता केला तर तो डेमी पानावर सहज मावतो.

३. ‘इन्सर्ट’मधून ‘टेबल’ घ्यावे. जितके शब्द तितके उभे रकाने आणि तीन आडव्या ओळी. पहिल्या ओळीत पाली शब्द, दुसरीत प्रत्येक शब्दाचा अर्थ. तिसऱ्या ओळीतील सर्व घरे ‘मर्ज सेल्स’ने एक करून तेथे सरळ मराठी वाक्य लिहावे.

सरावासाठी एक साधे वाक्य घेऊ. पद्यात येतो तसा उलटा क्रम येथे मुद्दाम ठेवला आहे :

देति | भत्तं | उपासिका | भिक्खूनं
देते | भोजन | उपासिका | भिक्खूंना
उपासिका भिक्खूंना भोजन देते.

दुसरी ओळ नसेल तर कोणता शब्द कोणाचा, हे कळत नाही. तिसरी नसेल तर मराठी वाक्य तोतरे वाटते. दोन्ही ओळी हव्यात.

४. शब्दार्थ बसवल्यावर ‘ऑटोफिट टू कंटेन्ट्स’ द्यावे, म्हणजे रकान्यांची रुंदी शब्दांप्रमाणे होते. मग ‘नो बॉर्डर’ देऊन रेषा काढाव्यात. वाचकाला तक्ता दिसत नाही, फक्त जुळलेले शब्द दिसतात. काम करताना ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ चालू ठेवावे.

५. पाली ओळ पानाच्या तळाशी आणि अर्थ पुढच्या पानावर, असे होऊ देऊ नये. पहिल्या दोन ओळी निवडून परिच्छेदाच्या मांडणीत ‘कीप विथ नेक्स्ट’ ही खूण करावी. तक्त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ओळ दोन पानांत मोडू देण्याची जी खूण असते, ती काढावी.

६. पालीसाठी एक, शब्दार्थासाठी दुसरी आणि वाक्यार्थासाठी तिसरी अशा तीन ‘स्टाइल’ करून ठेवाव्यात. पाली ठळक १४, शब्दार्थ ११, वाक्यार्थ १२ असा आकार वयस्कर उपासकांनाही वाचता येतो. आकार बदलायचा झाल्यास स्टाइल एकदा बदलली की सर्व पुस्तिका बदलते.

७. दोन ओळींमधील अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नये. त्याने वेलांटी, मात्रा आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. ‘सिंगल’ किंवा ‘अ‍ॅट लीस्ट’ ठेवावे.

अक्षरांची शुद्धता

जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून काम युनिकोडमध्येच करावे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे आणि पालीला लागणारा ‘ळ’ही आहे.

मूळ पाठ ऐकीव घेऊ नये. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला झालेल्या छट्ठ संगायनातील तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत आणि संगणकासाठीही उपलब्ध केले आहे. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली निघालेली नालंदा देवनागरी आवृत्तीही आहे. पाठ यांपैकी एका आवृत्तीतून घ्यावा आणि पुस्तिकेच्या आरंभी तिचे नाव द्यावे.

लेखनाची एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवावी. ‘सङ्घ’ आणि ‘संघ’ वाचणाऱ्याला एकच. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. सामासिक शब्द तोडून दोन रकान्यांत घालू नये. ‘धम्मचक्कप्पवत्तन’ एकाच घरात ठेवावा आणि खाली ‘धर्म-चक्र-प्रवर्तन’ असा अर्थ जोडरेषांनी उलगडून द्यावा.

छापण्यापूर्वी

मुद्रितशोधन तीन वेळा करावे. पहिल्या वेळी फक्त पाली ओळ मूळ आवृत्तीशी ताडून पाहावी. दुसऱ्या वेळी प्रत्येक रकाना वरून खाली वाचावा : शब्द, अर्थ, शब्द, अर्थ. तिसऱ्या वेळी केवळ मराठी वाक्ये पाली न येणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यावीत. जेथे तो अडखळेल, तेथे वाक्य दुरुस्त करावे. छापखान्यात मात्र पीडीएफ द्यावी, म्हणजे फॉन्ट आत बांधला जातो आणि तेथील संगणकावर मांडणी हलत नाही.

या श्रमाचे फळ काय?

वर दिलेल्या सरावाच्या वाक्यात ‘भत्त’ हा शब्द आहे. त्यातच आपला ‘भात’ आहे. पालीतील हत्थ आपल्याकडे हात, कण्ण म्हणजे कान, कम्म म्हणजे काम, सत्त म्हणजे सात आणि अट्ठ म्हणजे आठ. अर्थ पुढच्या पानावर असला तर हे नाते लक्षात येत नाही. शब्दाखाली शब्द आला की शाळकरी मुलगीही ते ओळखते आणि पाली परकी नाही, हे तिचे तिलाच उमगते.

संस्थेच्या विद्यार्थ्यांनी यंदाच्या वर्षावासात प्रत्येकी एकच सुत्त घ्यावे. एक पद, एक तक्ता, तीन ओळी, एवढे रोज केले तरी तीन महिन्यांत नव्वद पदे होतात. चार पदांची गाथा धरली तर बावीस गाथा आणि वर दोन पदे. दहा विद्यार्थी जमले तर एक चांगली पुस्तिका उभी राहते, आणि तिच्यातील एकही अर्थ आपल्या शब्दाखालून हलणार नाही.

जय भीम.